परिषदेचे दोन दिवस कुकडीकाठी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना विद्यार्थी’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकास,

विभागीय भूशास्त्र परिषदेच्या आखणीवरचा माझा लेख वाचून आपण चार आक्षेप घेतलेत. शुल्क जास्त आहे, शोधनिबंधाला दहाच मिनिटं आहेत, भूजलावर वेगळं सत्र नाही, आणि शेवटी : ‘चारातले दोन दिवस बसमधून हिंडून शास्त्र होत नाही, ही लोकांच्या पैशावर काढलेली सहल आहे.’ पहिले तीन मुद्दे नेहमीचे आहेत. चौथं वाक्य मात्र झोंबलं, आणि ते ज्या सुरात लिहिलंय तो सूर आपल्याला शोभत नाही.

दहा मिनिटांचं म्हणणं रास्त आहे. प्रश्नोत्तरं धरून पंधरा असावीत, असं समितीला सुचवतो. शुल्कात मुक्काम, जेवण आणि बस सगळं आलं. ‘लोकांचा पैसा’ हा शब्दप्रयोग कुठून आणलात? बसचं भाडं येणाऱ्यांच्याच शुल्कातून जातं. एवढी चौकशी न करता आरोप लिहून मोकळं व्हायचं, याला टीका म्हणत नाहीत.

आता ‘सहल’. नाणेघाटाच्या माथ्यावरून निघून जुन्नर, बोरी बुद्रुक आणि निघोज असं आम्ही कुकडी नदीच्या कडेने उतरणार आहोत. यात बोरी का, हे आपण विचारायला हवं होतं. तिथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे आणि त्याच गाळात अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली आहेत. ती राख इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीच्या, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, असं काहीजण मानतात. इतर काही अभ्यासक ती कित्येक लाख वर्षं जुनी धरतात. यावर हत्यारांचं वय अवलंबून आहे. राख आकाशातून पडून जागच्या जागी राहिली, की नदीने वरून वाहून आणून इथे टाकली? हत्यार राखेच्या खालच्या थरातलं, की राखेबरोबर गाळात मिसळलेलं? पडद्यावरच्या फोटोत हे दिसत नाही. फोटो काढणाऱ्याला जे दाखवायचं असतं तेवढंच त्यात असतं. काठावर उभं राहून खुरप्याने थर खरवडला, थराची खालची सीमा तीक्ष्ण आहे की विरत गेलेली आहे हे बोटाने चाचपलं, की दोन्ही बाजूंच्या माणसांना एकमेकांचं म्हणणं निदान कळतं. सभागृहात तेच दोघे आपापली आकृती दाखवतात आणि चहाला जातात.

आणि हे थांबे आपोआप ठरत नाहीत. पन्नास आसनांची बस कुठे वळेल, जमीनमालकाची परवानगी कुणी घ्यायची, दुपारी ऊन कुठल्या बाजूने येतं म्हणजे थर नीट दिसतील, हे सगळं आधी जाऊन पाहावं लागतं. निघोजला कुंडं बघायची तर नदीत पाणी सोडलेलं नको. वाहत्या पाण्यातल्या गोट्यांनी बसाल्टमध्ये घुसळून पाडलेले ते रांजण पाणी चढलं की झाकले जातात. म्हणून तारीख ठरवण्याआधी पाटबंधारे खात्याकडे विचारणा करावी लागते. घाटातल्या कापांचं तर विचारूच नका : परवापर्यंत उघडा असलेला कडा आज जाळी आणि सिमेंटखाली गेलेला असतो. याला सहल म्हणायचं असेल तर आपण एकदा ती आखून पाहा.

मी स्वतः कुठे शिकलो, तेही सांगतो. माझी उमेदीची वर्षं विहिरींच्या जागा दाखवण्यात गेली. शेतकरी काळा पाषाण, मांजऱ्या, मुरूम, गेरू असे शब्द वापरायचे, आणि पुस्तकातली नावं मला तिथे उपयोगी पडत नव्हती. एका विहिरीत मी दोरावरून उतरलो होतो. वर कठीण काळा पाषाण, त्याखाली हातभर लाल गेरूचा पट्टा, आणि गेरूच्या खालच्या लाव्हाप्रवाहाच्या फुटक्या, सच्छिद्र माथ्यातून झिरपणारं पाणी. दोन लाव्हाप्रवाहांमधली ती सांध वर्गात फळ्यावर आडव्या रेघेसारखी काढतात. प्रत्यक्षात ती वाकडी असते, मध्येच संपते, आणि शेजारच्या शेतात सापडतही नाही. माझा त्यापुढचा सगळा अंदाज त्या विहिरीत तयार झाला. म्हणून जुन्नरच्या थांब्यावर आम्ही एक विहीर ठेवली आहे. आपल्याला भूजलाचं सत्र हवं होतं ना? ते तिथे आहे. छापील कार्यक्रम शेवटपर्यंत वाचला असता तर दिसलं असतं.

दिल्लीची ३६वी आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषद २०२० मध्ये व्हायची होती. कोविडमुळे ती लांबली आणि शेवटी २०२२च्या मार्चमध्ये ऑनलाइन झाली. भाषणं झाली. ज्या क्षेत्रभेटींसाठी परदेशातून माणसं येणार होती, त्या झाल्या नाहीत. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यावर जगभर लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जण पाहोएहोए (गुळगुळीत, दोरीसारख्या वळ्यांचा लाव्हा) आणि आआ (खडबडीत, फुटक्या तुकड्यांचा लाव्हा) असे दोन्ही प्रवाह एकाच घाटात जवळजवळ पाहायची संधी शोधत असतात. ती संधी आपल्या विद्यार्थ्यांना एसटीच्या अंतरावर आहे. ती काढून टाकून आणखी दोन दिवस खुर्च्या मांडायच्या, असं आपलं म्हणणं असेल तर मला ते मुळीच मान्य नाही.

क्षेत्रभेटीचे दोन दिवस कमी होणार नाहीत. बोरीचा थांबा तर नाहीच नाही. यापुढे लिहाल तेव्हा स्वतःच्या नावाने लिहा, आणि एखादा थांबा का चुकीचा आहे ते खडकाच्या आधाराने सांगा. मग दहा काय, तासभर देतो.