‘पेशंट उचलायला चार माणसं पुरेत’: त्या मेसेजला एका भूलतज्ज्ञाचं उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: ऑपरेशनच्या बिलातले ‘पोझिशनिंग’चे, म्हणजे पेशंटला टेबलावर नीट ठेवण्याचे, पैसे म्हणजे लूट. पूर्वी चार माणसं चादरीला धरून पेशंटला टेबलावर ठेवत, कुणाचं काही बिघडलं नाही. भूल दिलेल्या माणसाला काही कळत नाही, मग त्याला जेलचे पॅड कशाला? नंतर हातपाय बधिर झालेच तर तो कमरेत दिलेल्या भुलेच्या सुईचा दोष. उशी-चादरीत सगळं भागतं. पट्ट्यांनी बांधणं तर अमानुषच. ही मोठ्या शहरांची फॅडं आहेत, तेव्हा ऑपरेशनआधीच लेखी कळवा की यातलं काहीही आमच्या पेशंटला वापरू नका.

या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. मी भूलतज्ज्ञ आहे. अमळनेर, चोपडा, पारोळा, कधी शिरपूर, जिथून बोलावणं येईल तिथे जाऊन भूल देते. खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजींच्या मुलाने असा कागद खरोखरच लिहून आणला होता. फ्रॅक्चर टेबल नको, पॅड नको, पट्टे नकोत. आईवर त्याचा जीव होता आणि आपण फसवले जाऊ अशी त्याला धास्ती होती. त्याच्याशी जे बोलले तेच इथे सविस्तर लिहिते.

‘चार माणसं पुरेत.’

आधी वजनाचा हिशोब करू. पेशंट ८० किलोचा धरला तर चौघांच्या वाट्याला प्रत्येकी २० किलो येतात, तेही भार अगदी सारखा वाटला गेला तर. तो तसा कधीच वाटला जात नाही. कमरेपाशी आणि छातीपाशी उभ्या असलेल्यांवर जास्त पडतो, पायांकडच्यांवर कमी. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेतले संशोधक टॉमस वॉटर्स यांनी २००७ साली हाताने पेशंट उचलण्यासाठी एका माणसामागे साधारण १६ किलोंची मर्यादा सुचवली. तीसुद्धा पेशंट शुद्धीवर आहे, सहकार्य करतो आहे आणि उचलणाऱ्याला वाकावं-वळावं लागत नाही, हे गृहीत धरून. आमच्याकडे यातलं एकही नसतं. भूल दिलेलं शरीर सैल असतं, आणि वॉर्डबॉय मामा ट्रॉलीवरून पलीकडे ओणवे होऊन, हात लांब करून चादर ओढत असतात.

रावेर-यावलकडचे लोक म्हणतील, आमची माणसं पंचवीस किलोचा केळीचा घड सहज वाहतात. वाहतात, कारण घड खांद्यावर, अंगाला चिकटून असतो. तोच घड हात पुढे ताणून, कमरेत वाकून धरून बघा, म्हणजे वॉर्डातल्या मामा-मावश्यांची पाठ का धरते ते कळेल. पाठ धरली म्हणून काम सोडावं लागलेल्या मावशी मला माहीत आहेत. मेसेजमधल्या ‘कुणाचं काही बिघडलं नाही’ या हिशोबात त्या धरलेल्याच नाहीत.

आणि पेशंटचं काय होतं? चादर ओढली की कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं शरीर पुढे सरकतं. सत्तरीच्या माणसाची कातडी एवढ्यानेही सोलवटते. शिवाय घशात नळी असते, लघवीची नळी असते, सलाइन असतं, पोटात ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर काढणारी नळी, असते. यातली एखादी गोष्ट ट्रॉलीच्या कठड्यात अडकली आणि चौघांनी ‘तीन’वर झटका दिला, तर काय होईल ते सांगायला नको.

ट्रान्सफर बोर्ड ही गुळगुळीत प्लास्टिकची एक लांब फळी असते. ट्रॉली टेबलाला चिकटवायची, दोन्हींचे ब्रेक लावायचे, उंची सारखी करायची. पेशंटला थोडं कुशीवर करून फळी अर्धी त्याच्या पाठीखाली आणि अर्धी फटीवरून टेबलावर. मग चादरीसकट अलगद सरकवायचं. माणसं तरीही तीन-चार लागतातच, पण ती उचलत नाहीत, सरकवतात. डोकं आणि नळी माझ्या हातात, म्हणून आकडे मीच मोजते. या फळीला वीज लागत नाही आणि बिघडण्यासारखं तिच्यात काही नसतं.

‘भूल दिलेल्याला काही कळत नाही.’

या वाक्याचा सगळ्यात मोठा धोका आहे. काही कळत नाही, म्हणूनच तर ही साधनं लागतात. घरी झोपेत हात अंगाखाली आला की मुंग्या येतात आणि आपण कूस बदलतो. भुलेत मुंग्या कळत नाहीत आणि कूसही बदलता येत नाही. स्नायू सैल पडलेले असल्यामुळे सांधा नेहमीपेक्षा जास्त ताणला जातो आणि ‘आई गं’ म्हणायला कुणी जागं नसतं. ते काम आम्हाला बाहेरून करावं लागतं.

कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा एक उंचवटा आहे. तिथे काही लागलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तिथे अल्नर नावाची नस कातडीच्या अगदी खाली असते. हात आर्मबोर्डवर, म्हणजे टेबलाच्या बाजूला हात ठेवायच्या फळीवर, पालथा ठेवला तर हीच जागा बोर्डावर दाबली जाते. म्हणून तळहात वर करून ठेवायचा, कोपराखाली पॅड द्यायचा आणि हात अंगापासून ९० अंशांपेक्षा जास्त लांब न्यायचा नाही. जास्त नेला तर काखेतून जाणाऱ्या नसांच्या जुडग्यावर ताण येतो. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने नुकसानभरपाईच्या ४,१८३ दाव्यांचा अभ्यास केला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६७० दावे नसांच्या इजेचे होते, आणि त्यांतले सर्वांत जास्त, २८ टक्के, या एकट्या अल्नर नसेचे.

गर्भपिशवीच्या किंवा मूळव्याधीच्या ऑपरेशनला पाय वर करून स्टँडमध्ये ठेवतात, त्या स्थितीला लिथोटॉमी म्हणतात. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, एक नस हाडाला वळसा घालून जाते. स्टँडचा उघडा दांडा तिथे दाबत राहिला तर पाऊल लोंबतं आणि चालताना बोटं जमिनीला घासतात. म्हणून दांड्यावर जाड पॅड हवा. दोन्ही पाय दोघांनी एकाच वेळी वर न्यायचे आणि एकाच वेळी खाली आणायचे, नाहीतर कंबर आणि खुबा पिळला जातो. खाली आणताना सावकाश, कारण पाठीत भूल दिलेली असताना रक्त एकदम पायांत उतरतं आणि ब्लड प्रेशर धाडकन पडतं. सत्तर किलोच्या माणसाचा एक पाय अकरा-बारा किलोंचा असतो. तो धरून उभी राहिलेली सिस्टर पाच मिनिटांत थकते आणि तो तिच्या हातून निसटू शकतो.

मणक्याच्या ऑपरेशनला पेशंट पालथा असतो. तेव्हा छातीखाली आणि कमरेच्या हाडांखाली आधार देऊन पोट अधांतरी ठेवावं लागतं. पोट दाबलं गेलं तर मणक्याभोवतीच्या शिरा फुगतात आणि रक्तस्राव वाढतो. डोळ्यांवर दाब आला तर दृष्टी जाऊ शकते.

‘हातपाय बधिर झाले तर सुईचा दोष.’

कमरेतली सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये जाते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची नस मानेतून येते. त्यामुळे ही दोन बोटं बधिर झाली तर कमरेच्या सुईचा त्याच्याशी संबंध लावता येत नाही. पाऊल लोंबण्याचं कारण मात्र मणक्यापाशी असू शकतं किंवा गुडघ्यापाशी. ते तपासूनच ठरवावं लागतं, मेसेज वाचून नाही.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळे पॅड नीट लावूनही कधी कधी अल्नर नस दुखावते. त्याच दाव्यांमधल्या काही पेशंटांच्या कोपराखाली पॅड असल्याची नोंद होती. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने १,५०२ पेशंटांवर ऑपरेशननंतरही लक्ष ठेवलं; तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सात जणांना हा त्रास झाला आणि एकालाही पहिल्या दोन दिवसांत नाही. म्हणजे काही वेळा नस ऑपरेशन टेबलावर नाही, नंतर खाटेवर कोपर टेकून पडून राहिल्यानेही दुखावत असावी. पॅडने धोका कमी होतो, शून्य होत नाही. कुणी शंभर टक्के हमी देत असेल तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नका.

‘उशी-चादरीत भागतं.’

काही ठिकाणी भागतं, हे मला मान्य आहे. सिझेरियनच्या वेळी उजव्या कुल्ह्याखाली घडी घातलेली चादर ठेवली आणि आईला साधारण १५ अंश डावीकडे कललेलं ठेवलं, तर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवरून हटतो. तिथे महागडी वस्तू लागतेच असं नाही. पण उशीच्या नावाखाली बाकी काय काय वापरलं जातं तेही मी बघते. खांद्याखाली सलाइनची बाटली. टाचेखाली पाणी भरून गाठ मारलेला हातमोजा. डोक्याखाली किंवा माकडहाडाखाली हवेची रिंग. बाटली कडक असते आणि घरंगळते. पाणी भरलेल्या मोज्याने टाचेवरचा दाब पसरत नाही. रिंगच्या कडेवर उलट जास्त दाब येतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो. तीन तास न हललेल्या टाचेवर जांभळा डाग दिसला की तो कातडीपुरताच आहे असं समजू नये. खालचं मांस आधी मेलेलं असू शकतं.

पैशांबद्दल मात्र मेसेजमधली शंका रास्त आहे. जेल पॅड, स्टँड, फळी, पट्टे हे सगळं धुऊन-पुसून वर्षानुवर्षं वापरायचं सामान आहे. त्यासाठी प्रत्येक पेशंटकडून वेगळी रक्कम का, हे जरूर विचारा. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन होत असेल तर ते कॅशलेस असतं, या सामानाचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. कुणी मागितले तर भांडा. पण भांडण बिलाशी असावं. पॅड काढून टाकायला सांगितल्याने बिल लिहिणाऱ्याचं काही जात नाही, टाच तुमच्या माणसाची जाते.

‘पट्टे बांधणं अमानुष.’

ऑपरेशनचं टेबल जेमतेम अर्धा मीटर रुंद असतं. ते डोक्याकडे, पायाकडे, कुशीला कलवावं लागतं, आणि भूल उतरताना माणूस अर्धवट जागा होऊन हातपाय झाडतो. गुडघ्याच्या थोडा वर, मांडीवर, दोन बोटं आत जातील इतका सैल पट्टा असतो. खाली पडून डोकं फुटण्यापेक्षा तो बरा.

‘मोठ्या शहरांचं फॅड.’

मेयो क्लिनिकमध्येच लिथोटॉमीत झालेल्या १,९८,४६१ ऑपरेशनांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. पायाची ताकद जाऊन दीर्घकाळ परत न येण्याचं प्रमाण साधारण ३,६०८ जणांत एक असं निघालं. ते कुणात जास्त होतं? अंगाने बारीक असलेल्यांत, धूम्रपान करणाऱ्यांत, आणि चार तासांहून जास्त वेळ त्या स्थितीत राहिलेल्यांत. आता धडगाव-अक्कलकुव्याहून, कधी झोळीतून रस्त्यापर्यंत आणलेला पेशंट डोळ्यांसमोर आणा. हाडावर मांस नाही, बिडीची सवय. जाड पॅडची सर्वांत जास्त गरज त्यालाच आहे. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही बराच आढळतो. अशा पेशंटचा हात किंवा पाय दाबून रक्त साचलं, किंवा अंग गार पडलं, तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवतात.

छताला टांगलेली पेशंट उचलायची यंत्रं तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात असावीत, असं मी म्हणत नाही. पण पायाने पंप मारून वर-खाली होणारं हायड्रॉलिक टेबल लाइट गेली तरी चालतं. एक फळी, पॅडचा एक संच, मऊ वेष्टन असलेले स्टँड, एवढं छोट्या दवाखान्यालाही झेपतं.

त्या आजींचं सांगायचं तर फ्रॅक्चर टेबलावर मोडलेला पाय बुटात बांधून सरळ ओढून धरतात, मांड्यांच्या मध्ये पॅड लावलेला खांब असतो, आणि सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर हाड बघत बघत खिळा घालतात. हातांनी पाय ओढून तेवढा वेळ एकसारखा धरणं कुणाला जमत नाही. हे मुलाला टेबलाच्या शेजारी उभं करून दाखवलं, तेव्हा त्याने कागद मागे घेतला. भूल देण्याआधी मी आजींना हात बाजूला करायला सांगितला, तर त्या म्हणाल्या, “मना खांदा वर जात नही, माय.” जुना आखडलेला खांदा होता, पण केसपेपरवर त्याचा उल्लेख नव्हता. मग तो हात आम्ही जाईल तेवढाच नेला.

तुमच्या पेशंटबद्दलही हे आधी सांगा: कुठला सांधा वळत नाही, कुठे आधीपासून मुंग्या येतात, मधुमेह किंवा सिकलसेल आहे का, पूर्वी कुठलं हाड मोडलं होतं. वजन अंदाजाने सांगू नका, काट्यावर करून घ्या, कारण प्रत्येक टेबलाची वजनाची मर्यादा ठरलेली असते. आणि घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात करंगळी बधिर वाटली, पाऊल उचललं गेलं नाही, टाचेवर किंवा माकडहाडावर काळपट डाग दिसला, तर ‘भुलेमुळे असेल’ म्हणून वाट न बघता त्याच दिवशी दाखवायला या.