पॉला रॅडक्लिफने पंप कचऱ्यात टाकला नव्हता, मामा

घरच्या ग्रुपवर मामांनी गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड टाकला. वर सूर्योदय, खाली जोडलेले हात, मधे रस्त्याच्या कडेला बसून रडणाऱ्या एका गोऱ्या बाईचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: ‘ब्रिटनमधल्या गरीब शेतकऱ्याची मुलगी पॉला रॅडक्लिफ. लहानपणी दमा. डॉक्टर म्हणाले, धावलीस तर मरशील. तिने त्याच दिवशी पंप कचऱ्यात टाकला, अनवाणी धावू लागली आणि दमा मुळासकट गेला. पहिल्या शर्यतीपासून एकदाही हरली नाही. ऑलिम्पिकचं सुवर्ण मिळवलं (फोटोत आनंदाश्रू). बाळंतपणानंतर दहा दिवसांत न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. तिचा विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही. मुलांना पंपाची सवय लावू नका, मैदानावर पाठवा!’

असली प्रेरणा रोज येते आणि मी अंगठा दाखवून मोकळी होते. या वेळी ते जमलं नाही. माझी भाची सातवीत आहे, तिला दमा आहे आणि तिला धावायला आवडतं. मंगळवारी ती पंप घरी ठेवून मैदानावर गेली. मामाआजोबांनीच पाठवलंय म्हटल्यावर खरंच असणार ना! धावताना काही झालं नाही. थांबल्यावर पाच-सात मिनिटांनी छाती आवळली आणि घरघर सुरू झाली. ताई पंप घेऊन रिक्षाने पोचेपर्यंत पोरीला धड बोलता येत नव्हतं. आता ती बरी आहे. मी नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी पंपाचंच. पॉलाला व्यायामाने उफाळणारा दमा आहे हे तिच्या चौदाव्या वर्षी कळलं, दम्याबद्दल इतकंच त्या फॉरवर्डमध्ये खरं आहे. पुढचं सगळं उलटं. तिने पंप टाकला नाही, ती पंप वापरत राहिली. शाळेत, विद्यापीठात, विश्वविक्रम करताना, निवृत्तीनंतरही. आपण दम्याचं औषध नियमित घेतो हे तिने कधी लपवलं नाही, उलट दमा असलेल्या मुलांना ती वर्षानुवर्षं तेच सांगत आली आहे. आणि दमा ‘मुळासकट’ गेलेला नाही, ताब्यात राहिलेला आहे. या दोन गोष्टींत जो फरक आहे तो ताईला त्या रिक्षात बसल्यावर चांगलाच कळला.

धावताना नेमकं काय होतं तेही एकदा समजून घ्या. जोरात धावणारा माणूस तोंडाने भराभर हवा ओढतो. नाकातून जाताना हवा कोमट आणि ओलसर होते, ते इथे पुरेसं होत नाही. थंड, कोरडी हवा थेट श्वासनलिकांपर्यंत जाते, त्यांचं अस्तर कोरडं पडतं, तिथल्या पेशी चिडून रसायनं सोडतात आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. त्रास बहुतेकदा धावणं संपल्यावर वाढतो तो यामुळेच. मंगळवारी मैदानावर अगदी हेच घडलं. यात मनोबलाचा प्रश्न कुठे आला? जगातली सगळी जिद्द गोळा केली तरी आवळलेला स्नायू सैल होत नाही. तो औषधाने होतो.

मी डॉक्टर नाही. पण दम्याच्या उपचारांसाठी जगभरचे डॉक्टर ज्या मार्गदर्शिकेकडे बघतात, ती ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ची, म्हणजे ‘जीना’ची मार्गदर्शिका कुणालाही फुकट वाचता येते. मी वाचली. ती व्यायाम करू नका असं म्हणत नाही, करा म्हणते, म्हणजे फॉरवर्डमधल्या त्या शेवटच्या दोन शब्दांशी तिचं भांडण नाही. पण ती औषध सोडा असं कुठेही म्हणत नाही. 2019 पासून तर ती आणखी कडक झाली आहे: बारा वर्षांच्या आणि त्यावरच्या कुणीही नुसत्या तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर राहू नये, आतली सूज कमी करणारं श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइडही हवंच. म्हणजे जग म्हणतंय एक पंप पुरत नाही, आणि आमचा ग्रुप म्हणतोय तोही फेका.

‘सवय लागते’ हे पालुपद तर मी लहानपणापासून ऐकते आहे. पंप म्हटलं की लोकांना व्यसन आठवतं आणि गोळी म्हटलं की घरगुती उपाय. मग हिशेब करा. साल्ब्युटामॉल, म्हणजे तात्पुरता आराम देणारं नेहमीचं औषध, त्याच्या पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं, दोन फवारे घेतले तर 200. त्याच औषधाची गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची, म्हणजे दहा ते वीस पट. आणि ती पोटातून, रक्तातून सगळ्या अंगभर फिरून मग फुप्फुसात पोचते. ज्यांना पंपाची भीती वाटते ते मुलांना गोळ्या आणि सिरपं बिनदिक्कत देतात. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी पोराला फळा दिसू नये असं म्हणतं का?

आणि हो, ऑलिम्पिकच्या खेळाडूंमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा जुनाट आजार दमाच आहे. वर्षानुवर्षं ताशी ढीगभर हवा आत-बाहेर केली की श्वासनलिकांवर ताण येतोच. धावण्याने दमा मुळासकट जात असता तर या लोकांचा सगळ्यात आधी गेला असता.

आता बाकीचं भराभर.

गरीब शेतकरी आणि अनवाणी पाय ही पॉला नाहीच. ती जन्मली चेशायरमध्ये, बेडफर्डच्या क्लबमध्ये अ‍ॅलेक्स स्टॅन्टन यांच्याकडे शिकली, लफबरो विद्यापीठातून पहिल्या वर्गात पदवीधर झाली, आणि शर्यतीत व्यवस्थित बूट घालायची. अनवाणी धावायची ती झोला बड. दक्षिण आफ्रिकेत शेतावर वाढलेली, 1984 मध्ये ब्रिटिश पासपोर्ट मिळालेली, 1985 आणि 1986 ची जागतिक क्रॉस कंट्री (म्हणजे माळरानातून, चिखलातून धावायची शर्यत) विजेती. कुणीतरी दोन बायकांची एक बाई केली आहे.

ऑलिम्पिकचं सुवर्ण? पॉलाकडे ऑलिम्पिकचं एकही पदक नाही. 1996 ला अटलांटात 5000 मीटरमध्ये पाचवी, 2000 ला सिडनीत 10,000 मीटरमध्ये चौथी, 2008 ला बीजिंगच्या मॅरेथॉनमध्ये तेविसावी. 2012 तर तिच्या घरचं, लंडनचं ऑलिम्पिक, आणि तेच पायाच्या दुखापतीने हुकलं. आणि तो फोटो! तो 2004 च्या अथेन्सचा आहे. ती तेव्हा जगातली सगळ्यात वेगवान मॅरेथॉनपटू होती, सुवर्ण तिचंच असं सगळे धरून चालले होते. आधीच्या आठवड्यांत पायाच्या दुखापतीवर घेतलेल्या औषधांनी पोट बिघडलेलं, त्यात तो उकाडा आणि तो चढ. 36 किलोमीटरच्या आसपास ती थांबली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडली. सुवर्ण जपानच्या मिझुकी नोगुचीला मिळालं. पाचच दिवसांनी पॉला 10,000 मीटरला उतरली आणि तीही अर्धवट सोडावी लागली. त्या बाईच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट आठवड्याला ‘आनंदाश्रू’ म्हणून पुढे ढकलणारे धन्य आहेत.

बाळंतपणाचं दहा खरं आहे, पण दहा महिने. मुलगी जानेवारी 2007 मध्ये झाली, न्यूयॉर्क तिने नोव्हेंबरमध्ये जिंकलं, 2 तास 23 मिनिटं 9 सेकंदांत. तेही अचाटच आहे, मान्य. मात्र मधे ती सरावाला इतक्या लवकर लागली की कण्याच्या तळाच्या हाडाला बारीक तडा गेला आणि पुन्हा थांबावं लागलं. हे वाक्य फॉरवर्डमध्ये आलं असतं तर निदान एखाद्या ओल्या बाळंतिणीच्या सासूने ते वाचलं असतं.

विक्रमाच्या बाबतीत मला थोडी माघार घ्यावी लागते. 13 एप्रिल 2003 ला लंडनमध्ये तिने 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत मॅरेथॉन संपवली. स्वतःचाच सहा महिन्यांपूर्वीचा विक्रम तिने जवळपास दोन मिनिटांनी मोडला. सोबत वेग धरून देणारे पुरुष धावपटू होते म्हणून 2011 मध्ये तो विक्रम मानायचा की नाही यावरही वाद झाला, आणि शेवटी तो टिकला. सोळा वर्षं कुणी त्याच्या जवळही गेलं नाही. पण 2019 मध्ये केनियाच्या ब्रिजिड कोसगेईने शिकागोत 2:14:04 ची वेळ दिली, आणि पुढे इथिओपियाच्या टिग्स्ट असेफाने 2023 मध्ये बर्लिनला 2:11:53. ब्रिटनमध्ये मात्र अजूनही पॉलाचाच विक्रम आहे. मामा, एवढा गुण तुम्हाला दिला.

राहिलं ‘पहिल्या शर्यतीपासून एकदाही हरली नाही’. जागतिक क्रॉस कंट्रीत ती 1997 आणि 1998 ला दुसरी, 1999 ला तिसरी आली. मोठ्यांचं विजेतेपद मिळालं ते 2001 ला ऑस्टेंडच्या चिखलात आणि पुन्हा 2002 ला डब्लिनमध्ये. त्याआधी 1992 मध्ये बॉस्टनला, बर्फ पडलेलं असताना, ती ज्युनियर जगज्जेती झाली होती. थंड, कोरडी हवा, म्हणजे दम्याचा सगळ्यात आवडता दिवस, आणि चीनची वांग जुन्शिया तिच्या मागे दुसरी. हे मी भाचीला सांगत होते, तिला काही फारसं वाटलं नाही. मग तिला 1986 ची गोष्ट सांगितली. इंग्लंडच्या शाळांची क्रॉस कंट्री, बारा वर्षांची पॉला, सुमारे सहाशे मुली, आणि तिचा नंबर 299 वा. दुसऱ्या वर्षी त्याच शर्यतीत चौथी.

भाचीने मनात काहीतरी हिशेब केला. तालुक्याच्या शर्यतीत ती एकेचाळिसावी आली होती.

‘‘मावशी, आमच्याकडे मुली किती होत्या गं?’’

‘‘साठ.’’

‘‘मग ठीक आहे,’’ म्हणाली, आणि पंप चड्डीच्या खिशात राहतो का ते बघायला आत गेली. खिसा लहान पडतो. ताईला आता मोठा शिवावा लागणार आहे.