न संपणारी डबी

आमच्या फ्रिजच्या दारात अंड्यांशेजारी एक डबी आहे. तिच्यावर आमच्या हिने जाड मार्करने ‘खायचं नाही’ असं लिहून ठेवलंय. मूळ लेबलावर ‘थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावे’ असं आहे. ठाण्यातल्या दोन खोल्यांत अशी जागा फ्रिजशिवाय कुठली? आणि तिथेही दार उघडलं की दिवा लागतो.

डबीत आहे फांद्यांना मुळ्या फुटण्याची पावडर. म्हणजे बरंचसं शंखजिरंच. झाडाच्या शेंड्यात जसं संजीवक, म्हणजे झाडाचं हार्मोन, तयार होऊन खाली उतरतं, तसलंच कारखान्यात केलेलं इंडोल ब्युटिरिक ॲसिड त्यात मिसळतात. कोवळ्या काडीसाठी किलोमागे साधारण 1 ग्रॅम, जून लाकडासाठी 8 ग्रॅमपर्यंत. काडीचं बूड ओलं करून पावडरीत अर्धा इंच टेकवायचं आणि टिचकी मारून जास्तीची झाडून टाकायची. अती झाली तर मुळ्या राहिल्या बाजूला, बूडच काळं पडतं. आता 100 ग्रॅमची डबी टिचक्या मारून संपवायची कधी? वर तिला एक्स्पायरी डेट!

इथून माणूस बिघडतो. पैसे वसूल झाले पाहिजेत. पावसाळ्यात सोसायट्यांची कुंपणं छाटतात, तेव्हा मी फांद्यांच्या ढिगापाशी उकिडवा बसतो आणि पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांच्या काड्या निवडतो. येणारेजाणारे विचारतात, “काय हरवलं?” “डोळे शोधतोय,” म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

वरच्या मजल्यावरच्या आजींना या पावडरीचा राग आहे. “जास्वंदीला कसली हो पावडर? खोचली की येते. आणि मागून आणलेली फांदी लागत नाही, चोरून आणा.” जास्वंदीचं त्यांचं खरं आहे. तगर, मनीप्लांट, तेही पावडरीवाचून लागतात. (चोरीबद्दल मी मत देत नाही, सोसायटीचा सेक्रेटरी वाचत असतो.)

पावडरीचा कस लागतो तो बोगनवेलीला. ही बया थोड्याच दिवसांत पोपटी पानं काढते आणि घरात पेढ्यांची भाषा सुरू होते. प्रत्यक्षात खाली एक मुळी नसते. प्रॉव्हिडंट फंड काढून लेकीचं लग्न थाटात करावं, तशी ती काडीतली शिल्लक उधळत असते. शिल्लक संपली की पानं माना टाकतात. म्हणून वाट बघायची, उपटून बघायचं नाही. नव्या मुळ्या हात लागताच तुटतात. पण आमच्याकडे आल्यागेल्याला पुरावा लागतो. चिरंजीव उपटून बघतात, चिरंजीवांचे मित्र बघतात, कामवाल्या मावशीसुद्धा झाडू मारता मारता एक उचलून “अजून नाय” असा निकाल देऊन परत खोचतात. उलटी.

शिवाय पिशव्या. मुळ्या येईपर्यंत पानांतून उडणारं पाणी भरून निघत नाही, म्हणून प्रत्येक कुंडीवर पारदर्शक पिशवी आणि बाल्कनीतली सगळी सावली कुंड्यांना. हिची धुतलेल्या कपड्यांची बादली दारात उभी, आणि बादलीमागे ही.

एवढं सोसूनही खरं संकट पुढेच असतं. काड्या लागतात!

मग त्या द्यायच्या कोणाला? सुरुवातीला लोक कौतुकाने नेतात. नंतर लिफ्टमध्ये मला कुंडीसकट पाहून जिन्याने जातात. संक्रांतीला हिने वाण म्हणून जास्वंदी लुटल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या बऱ्याच गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीभोवती उभ्या होत्या. वॉचमनने खुर्ची हलवली.

आता दिवाळी आलीय. काल मेहुण्याचा पुण्याहून फोन. “भावोजी, भाऊबीजेला येतोय आम्ही. ताईला सांगा, बासुंदी कर. आणि हे बघा, गाडी या वेळी आणत नाहीये, रेल्वेने येतोय. हातात काही धरता येणार नाही.”

बोगनवेल टिफिनच्या डब्यात मावते, हे त्याला अजून ठाऊक नाही.