कोपराला काय म्हणतात?

परवा सकाळी नागपूरच्या मानेवाडा रोडवरच्या मजुरांच्या ठिय्यावर गेलो होतो. घरावर एक खोली काढतोय, मिस्त्रीच्या हाताखाली दोन माणसं हवी होती. छत्तीसगढचं एक जोडपं उभं होतं. तो कुली, ती रेजा, म्हणजे बाई मजूर, कडेवर वर्षभराचं पोर. मी त्यांच्याशी रेट बोलत असताना आपल्याच वस्तीतला एक पोरगा पुढे आला आणि त्या बाईच्या पायाशी ठेवलेलं घमेलं त्यानं लाथेनं उडवलं. "यायले हाकलाच लागते भाऊ एक दिवस. रेट पाडून रायले हे."

घमेलं घरंगळत रस्त्याच्या मधोमध गेलं. एका ऑटोवाल्यानं करकचून ब्रेक मारला. ती बाई गेली, घमेलं उचललं, पदरानं पुसलं आणि पुन्हा होती त्याच जागी येऊन उभी राहिली. नवऱ्यानं मान वर केली नाही. आम्ही पंधरा-वीस जण होतो तिथे. मीही होतो. कुणी काही बोललं नाही.

तेव्हापासून डोक्यातून दक्षिण आफ्रिका जात नाहीये.

मे 2008 मध्ये जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत परदेशी मजुरांवर हल्ले सुरू झाले आणि बघता बघता देशभर पसरले. 62 माणसं मारली गेली. मोझांबिकच्या एका मजुराला जिवंत जाळलं, तो फोटो जगभरच्या पेपरांत आला. त्याच्या खुनाची शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही. जमाव रस्त्यात माणसं अडवून विचारायचा, कोपराला झुलू भाषेत काय म्हणतात? सांगता आलं नाही की तू परका. त्या 62 मध्ये 21 जण त्याच देशाचे नागरिक होते. कुणी व्हेंडा बोलणारा, कुणी त्सोंगा बोलणारा. आपल्याच देशात त्यांना तो एक शब्द आला नाही.

हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आम्ही गुडघ्याला टोंगळा म्हणणारी माणसं. अशी परीक्षा उद्या पुण्याच्या एखाद्या चौकात झाली, तर आमच्यातले किती पास होतील?

मग सरकार काय म्हणालं? राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी म्हणाले, हा परक्यांचा द्वेष नाही, ही निव्वळ गुन्हेगारी आहे. मला हे उत्तर सगळ्यात घातक वाटतं. गुन्हेगारी म्हटलं की काम पोलिसांचं. द्वेष म्हटलं असतं तर तो कुणी पेरला हे सांगावं लागलं असतं. जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी नंतर वस्त्या-वस्त्यांत जाऊन पाहिलं, तर बऱ्याच ठिकाणी हल्ल्यांमागे स्थानिक पुढारी निघाले. परक्यांना हाकललं की वस्तीत वजन वाढतं.

2015 च्या मार्चमध्ये झुलू राजे गुडविल झ्वेलिथिनी बोलले की परदेशी लोकांनी गाठोडं बांधून आपापल्या देशात जावं. पुढच्याच महिन्यात डर्बन पेटलं. राजे म्हणाले, माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला. त्यावर सरकारनं काय काढलं, तर 'ऑपरेशन फिएला'. फिएला म्हणजे सेसोथो भाषेत झाडून काढणे. मार कुणी खाल्ला आणि झाडू कुणावर फिरला? कागदपत्रं नसलेले हजारो लोक धरून देशाबाहेर काढले. 2019 मध्ये पुन्हा तसेच हल्ले. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष रामाफोसांना हरारेत झिम्बाब्वेचे माजी राष्ट्राध्यक्ष मुगाबे यांच्या अंत्यविधीला लोकांनी भर सभेत हुर्यो दिली, तेव्हा कुठे तोंडून माफी निघाली. त्यानंतर दोन वर्षांनी जोहान्सबर्गच्या सोवेटो वस्तीत 'ऑपरेशन डुडुला' नावाची परदेशी लोकांविरुद्धची चळवळ उभी राहिली. डुडुला म्हणजे ढकलून बाहेर काढा. पुढे हे लोक दवाखान्यांच्या दारात उभे राहून आजारी माणसांची ओळखपत्रं तपासू लागले.

दक्षिण आफ्रिकेत काम शोधणाऱ्या तिघांपैकी जवळपास एकाला काम नाही. ती भूक खरी आहे, तिला कुणी खोटं म्हणू नये. पण 2022 च्या जनगणनेत 6.2 कोटी लोकसंख्येत परदेशात जन्मलेले निघाले 24 लाख. शंभरात चार. चौघांनी तेहेतिसांची भाकर कशी खाल्ली? 1913 च्या जमीन कायद्यानं काळ्या बहुसंख्य लोकांसाठी देशातली जेमतेम सात टक्के जमीन ठेवली. सोन्याच्या खाणींनी मोझांबिक, लेसोथो, मलावीतून स्वस्त मजूर पिढ्यान्‌पिढ्या आणले, कारण त्यांना कमी द्यावं लागे. ते घाव 1994 मध्ये वर्णभेदी राजवट संपल्यावरही भरले नाहीत, आणि त्याचा जाब विचारणं अवघड. समोरच्या सोमाली माणसाचं किराणा दुकान फोडणं सोपं.

त्याच डर्बनमध्ये 13 जानेवारी 1897 ला गांधी जहाजातून उतरले तेव्हा गोऱ्या जमावानं त्यांना विटा, सडकी अंडी, लाथा घालून मारलं होतं. हा माणूस जहाजं भरभरून हिंदुस्थानी लोक आणतोय, अशी आवई होती. पोलीस सुपरिंटेंडेंटची बायको छत्री उघडून मध्ये उभी राहिली म्हणून ते वाचले. पुढे तिथल्या नाताळ वसाहतीचे ॲटर्नी जनरल एस्कंब यांनी, हल्लेखोरांवर खटला भरायचा का, असं विचारलं. गांधी नको म्हणाले. दोष या लोकांचा नाही, त्यांना भडकवणाऱ्या पुढाऱ्यांचा आहे, आणि माफ करा, तुमचाही आहे, असं त्यांनी एस्कंबना तोंडावर सांगितलं. तेव्हा परके आपण होतो.

आपल्याकडेही 2008 मध्येच रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मुंबईत मारलं होतं. 2025 मध्ये मीरा रोडला मराठी बोलत नाही म्हणून दुकानदाराच्या कानाखाली मारल्याचा व्हिडिओ आपणच एकमेकांना पाठवला. माझी मराठी मला जिवापाड प्यारी आहे. म्हणूनच तिच्या नावानं उठलेला हात मला सहन होत नाही.

घमेलं उडवणारा तो पोरगा मला माहीत आहे. त्याचे आजोबा आणि माझे वडील दोघंही नागपूरच्या एम्प्रेस कापड मिलमध्ये होते. 1877 साली टाटांनी सुरू केलेली ती मिल गेली, तिथे आता मॉल आहे. पोरानं आयटीआय केलं, तीन वर्षं ठेकेदाराकडे राबला, पक्का झाला नाही. मिल छत्तीसगढच्या रेजानं बंद पाडली नव्हती.

पण रेट पडतो हे तो खरं बोलला. फक्त पाडतो कोण? बाहेरच्या राज्यातल्या मजुराला इथल्या मजुरापेक्षा कमी द्यायचं नाही, हे 1979 च्या कायद्यातच लिहिलं होतं. परप्रांतीयांवर भाषण देणाऱ्या किती नेत्यांनी एखाद्या बिल्डरच्या साइटवर जाऊन मजुरीचं रजिस्टर मागितलंय? मी एकही पाहिला नाही.

आणि ठिय्यावर त्या दिवशी आपल्या माणसाचा रेट 700 होता. ते दोघं मिळून 1,000 ला तयार झाले. मी मान डोलावली, त्या पोराच्या डोळ्यांदेखत.

संध्याकाळी त्या बाईच्या हातात 1,400 ठेवले. तिनं दोनदा मोजले आणि चारशे परत करायला लागली.