पानांचा चहा उकळू नका हो!

दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे मार्च-एप्रिलमधली पहिली खुडणी. हजारो रुपये किलोची ती पानं आणायची आणि पातेल्यात दूध, साखर, आलं घालून पाच मिनिटं खळाखळा उकळायची! का? त्यासाठी दाणेदार सीटीसी, म्हणजे आपली रोजची चहापावडर आहे ना, ती दुधातही दम धरते. ही पानं उकळली की सुवास वाफेबरोबर उडतो आणि उरतो नुसता तुरटपणा.

१५० मिली पाण्याला २ ते २.५ ग्रॅम पत्ती. अख्खं पान हलकं, फुगीर असतं, चमच्याचं माप हमखास फसतं. छोटा वजनकाटा वापरा. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून ते ८५ ते ९० अंशांपर्यंत उतरू द्या. गरम पाण्याने विसळलेल्या किटलीत पत्ती, वर पाणी, झाकण, ३ मिनिटं. बस.

मग गाळायचं, आणि शेवटच्या थेंबापर्यंत गाळायचं! एक कप ओतून बाकीचं पाणी पत्तीवरच ठेवलं तर दुसरा कप कडूजहर होणारच, आणि खापर फुटतं चहाच्या मळ्यावर. फिका वाटला तर पुढच्या वेळी पत्ती वाढवा, वेळ नाही. साखळीला लटकणारा तो जाळीचा गोळा तर वापरूच नका, पानाला त्यात उलगडायला जागाच नसते.

आणि चहाचा डबा मसाल्यांच्या शेजारी, तोही सैल झाकणाचा? पत्ती वास ओढून घेते. एवढ्या नाजूक चहाला हिंगाचा वास!