दोन क्विंटल कापसाचं प्रपोजल

परवा आमच्या वावरात सीतादही होतं, म्हणजे कापूस वेचणीआधीची पूजा. दहीभात शिंपडून झाला, बाया ओट्या बांधून पहिल्या वेच्याला कपाशीच्या ओळींत शिरल्या आणि तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन. "मावशी, सल्ला पायजे. तिले प्रपोज करतो म्हणतो. बंडगार्डनले. पण कोणाले सांगू नको."

(त्याला विचारूनच लिहितेय. नाव-गाव काही टाकणार नाही.)

बंडगार्डन मी पाहिलंय. पाटीवर महात्मा गांधी उद्यान लिहिलंय, पण तसं म्हटलं तर रिक्षावाला दोनदा विचारतो. बंड म्हणजे बंधारा. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात मुळा-मुठेवर बांधलेला, त्याच्या काठची ही बाग. शेजारी जुना दगडी पूल. जागा छानच आहे, पोराची निवड वाईट नाही.

प्लॅन ऐकून मात्र मी वावराच्या धुऱ्यावर बसलेच. संध्याकाळी पाचला हा तिला फिरायला म्हणून नेणार. चार मित्र झाडामागे दबा धरून. फुगे, लायटिंगची अक्षरं, फोटोवाला, वरून ड्रोन. हा गुडघ्यावर बसला की मित्र बाहेर येऊन टाळ्या पिटणार, बागेतले लोकही पिटतील, आणि रात्री रील. पॅकेज सोळा हजार. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. म्हणजे दोन क्विंटल कापूस. तोही हमीभाव हाती पडला तर. ओला आहे म्हणून व्यापारी काय कापतो ते ज्याच्या घरी कापूस आहे त्याला विचारा.

पण पैसा त्याचा, कमावतो तो. माझं दुखणं वेगळं आहे.

1998 साली मला पाहायला पाहुणे आले होते. ओसरीत सतरंजी, त्यावर अकरा माणसं. मी मोजली होती, कारण मान खाली असली की पायच दिसतात आणि पाय मोजता येतात. पोह्यांचा ट्रे फिरवला, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. कोणीतरी म्हणालं, चालून दाखव बाई. मग मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, पसंत हाय ना?" आता अकरा जणांसमोर, चुलीवर दुसरा चहा चढलेला असताना, कोणती पोरगी नाही म्हणते? मी मान हलवली. मला बीएड करायचं होतं, हे सांगायला त्या प्रश्नात जागाच नव्हती. पुढच्या आठवड्यात साक्षगंध. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण ही पोस्ट लिहिताना आमचे हे डोकावले आणि म्हणाले, "तुले बीएड करायचं होतं? कवा?" सत्तावीस वर्षांनी.

तर भाच्या, तुझ्या बागेत आणि माझ्या ओसरीत फरक काय, सांग. तिथं अकरा पाहुणे, इथं चार मित्र, एक ड्रोन आणि बागेत फिरायला आलेले सारे. गुडघ्यावर तू बसणार, पण अडकणार ती. लोक आधीच टाळ्या वाजवताहेत. नाही म्हणणं तर राहिलंच, "मला विचार करू दे" एवढंही म्हणायची सोय नाही.

लग्नाचा विषय या दोघांत आजवर निघालेलाच नाही, हे मला खोदून विचारल्यावर कळलं. ती स्पर्धा परीक्षा देतेय. तिच्या मोठ्या बहिणीचं अजून जमायचंय. जात वेगळी. तिच्या घरी काही माहीत नाही. आणि हा रील टाकणार! पोट्ट्या, पुण्यातली रील आमच्याकडच्या पानठेल्यावर यायला रात्र लागत नाही. तिच्या बापाला ही बातमी पोरीकडून कळावी की सुपारी कातरणाऱ्याच्या मोबाइलवर?

माझी मुलगी म्हणते, आई तुला कळत नाही, पोरींना सरप्राइज आवडतं. आवडत असेल. ज्यांचं आतून ठरलंय त्यांनी खुशाल फुगे बांधावे, मी पोहे करून पाठवते. जिथं उत्तर माहीत नाही, तिथं सरप्राइज कोणाला द्यायचं?

आमच्याकडून कौंडण्यपूर लांब नाही. वर्धेच्या काठावरचं, रुक्मिणीचं माहेर. आषाढीला तिथून पालखी पंढरपूरला जाते. कीर्तनात रुक्मिणीची पत्रिका लहानपणापासून ऐकलीय, पण लक्ष दिलं ते आता. भावानं, रुक्मीनं, शिशुपाल ठरवून टाकलेला. भागवताच्या दशम स्कंधात तिच्या निरोपाचे सात श्लोक आहेत. प्रेम आहेच त्यात, पण बाईनं अख्खा प्लॅनही लिहिलाय: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची यात्रा निघते, नवरी गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाते, तिथं ये, म्हणजे महालात शिरून माझ्या माणसांना मारावं लागणार नाही. जागा तिनं निवडली, दिवस तिनं निवडला, धोका तिनं मोजला. आणि निरोप धाडला तो एका ब्राह्मणाच्या हाती, गुपचूप. द्वारकेत कृष्णानं तो एकांतात ऐकला. दरबार भरवून कोणी टाळ्या पिटल्या नाहीत.

मग मी फोनवर त्याला माझा प्लॅन सांगितला. बंडगार्डनच ठेव. पण सकाळी जा, बाग उघडल्या उघडल्या. तेव्हा फिरायला येणारी म्हातारी माणसं असतात, ती आपापल्या गुडघ्यांच्या नादात, तुमच्याकडे कोण पाहतं. दुपारचा बेत करू नको, पालिकेच्या बागा दुपारी बंद असतात. नदीकडच्या बाकावर बस. तिला आधीच सांग की महत्त्वाचं बोलायचंय. परीक्षेचं काय, बहिणीचं काय, घरी कोण सांगणार, हे आधी विचार. अंगठी खिशात असू दे, काढायचीच असं नाही. आणि तिनं वेळ मागितली तर चेहरा पाडू नको.

"अन् नाई म्हणली तं?"

"तं एसटीत बस अन् ये. वेचणीले माणसं भेटून नाही राहिली."

हसला. रात्री मेसेज आला: फोटोवाल्याला नको म्हणून कळवलं, आगाऊ दिलेले तीन हजार मात्र बुडाले. रविवारी सकाळी जातोय. कुर्ता घालू का शर्ट?

मी लिहिलं, काही पण घाल, पूर्ण बाह्यांचं घाल. मुळा-मुठेत जलपर्णी माजली की डास बसू देत नाहीत. ओडोमॉस घेऊन जा. तिच्यासाठीपण.