त्या फिरणाऱ्या पुतळ्यावर प्लीज हसू नका

सोन्याच्या फिरणाऱ्या पुतळ्याचं ते रील परत एकदा सगळीकडे आलंय, आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर पण आलं आणि खाली नुसते हसणारे इमोजी. मला खरंच नाही हसू आलं. थोडं लांबलंय, पण वाचा.

हा पुतळा मध्य आशियातल्या तुर्कमेनिस्तानचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष सपरमुरात नियाझोव ह्याचा. स्वतःला तुर्कमेनबाशी म्हणवून घ्यायचा, म्हणजे समस्त तुर्कमेनांचा प्रमुख. १९९८ मध्ये राजधानी अश्गाबातला ७५ मीटर उंच कमान बांधली, वर स्वतःचा सोन्याचा मुलामा दिलेला १२ मीटरचा पुतळा, तो दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरायचा. महिन्यांची नावं बदलली, जानेवारीला स्वतःचं, एप्रिलला आईचं. एवढंच फॉरवर्ड होत राहतं.

पण त्याच कमानीपाशी अजून एक शिल्प होतं, ते कोणी शेअर करत नाही. एक भलामोठा बैल, त्याच्या शिंगांवर पृथ्वी, पृथ्वीला तडा गेलाय आणि त्या भेगेतून एक बाई आपलं लेकरू वर उचलून धरतेय. बैल, बाई सगळं काळपट, फक्त लेकरू सोनेरी. ते लेकरू म्हणजे हाच. ६ ऑक्टोबर १९४८ ला भूकंपात अश्गाबात भुईसपाट झालं, त्यात ह्याची आई आणि दोन भाऊ गेले, बाप आधीच युद्धात गेलेला, आठ वर्षांचं पोर अनाथाश्रमात गेलं. हे वाचलं तेव्हा पोटात कालवलं माझ्या.

आणि मग ह्याच माणसाने २००४ मध्ये नर्स, सुईणी आणि दवाखान्यातली इतर माणसं मिळून १५,००० जणांना कामावरून काढलं आणि त्यांच्या जागी सैन्यातली पोरं आणून उभी केली. पुढच्याच वर्षी आदेश निघाला की राजधानीबाहेरची हॉस्पिटलं बंद करा, आजारी माणसाने अश्गाबातला यावं. नकाशा उघडून बघा एकदा, देशाचा बहुतेक भाग काराकुम वाळवंट आहे, तिथल्या एखाद्या गावात रात्री बाईला कळा सुरू झाल्या तर तिने कुठे जायचं? माझी आजी सुईण होती, मध्यरात्री कंदील घेऊन निघायची, त्यामुळे तो सुईणींचा आकडा माझ्या डोक्यातून जातच नाही. आणि ह्याच्या स्वतःच्या हृदयाचं ऑपरेशन १९९७ मध्ये जर्मनीत, म्युनिकला झालेलं.

पैसा नव्हता असंही नाही हो, जमिनीखाली जगातल्या सगळ्यात मोठ्या गॅससाठ्यांपैकी एक आहे. तो गेला संगमरवरात, ओसाड डोंगरावरून काढलेल्या ३७ किलोमीटरच्या काँक्रीटच्या पायवाटेत, आणि ह्याच्या गावी, किपचाकला, २००४ मध्ये झालेल्या दहा हजार माणसं मावतील अशा मशिदीत, जिच्यावर कुराणाच्या ओळींसोबत ह्याच्या स्वतःच्या पुस्तकातल्या ओळी कोरल्यात. २००६ मध्ये लाखभर म्हाताऱ्या माणसांची पेन्शन थेट बंद केली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हा गेला आणि त्याच मशिदीशेजारी पुरला गेला.

नंतर आलेल्या राष्ट्राध्यक्षाने ती कमान शहराच्या कडेला हलवली आणि २०१५ मध्ये स्वतःचा घोड्यावरचा सोनेरी पुतळा उभारला.

ग्रुपवर मी त्या बैलाच्या शिल्पाचा फोटो टाकलाय. झूम करा आणि त्या बाईचे हात बघा.